क्रॉमफर्ड ते सिल्कस्टोन : गिरणीतल्या आणि खाणीतल्या बायकांच्या शोधात

बुधवार, क्रॉमफर्ड

डर्बीहून मॅटलॉककडे जाणारी दोन डब्यांची गाडी डरवेंट नदीच्या कडेकडेने जाते. क्रॉमफर्डला आम्ही दोघीच उतरलो, मी आणि माझी भाची सायली. ती मँचेस्टरला नोकरी करते. तिने रजा टाकली आणि कित्येक वर्षं मनात घोळणारा माझा बेत जमून आला. इंग्लंडला येऊन राजवाडे बघण्याची मला फारशी हौस नाही. मला गिरण्या बघायच्या होत्या, आणि त्यातही बायका जिथे राबल्या ती खाती. माझी आजी लालबागला राहायची, गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. ज्या यंत्रांवर तिचा जन्म गेला त्यांची पैदास या दऱ्याखोऱ्यांत झाली. तिथे आधी कोणत्या बाया उभ्या होत्या, हे मला बघायचं होतं.

रिचर्ड आर्कराइट मूळचा न्हावी, केसांचे टोप बनवून विकणारा. 1769 मध्ये त्याने सूत कातायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1771 मध्ये स्ट्रट आणि नीड या दोन पैसेवाल्यांना भागीदार करून या आडगावात पाण्यावर चालणारी गिरणी घातली. आडगावच का? जवळच्या शिशाच्या खाणींतलं निचऱ्याचं पाणी इथे येतं. ते किंचित कोमट असतं, थंडीत गोठत नाही, म्हणजे चाक बारा महिने फिरणार. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुरुष शिशाच्या खाणीत जात, त्यांच्या बायका-मुलं गावात होती, आणि ती स्वस्तात मिळण्यासारखी होती.

डिसेंबर 1771 मध्ये त्याने डर्बीच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिच्यात घड्याळजी हवेत, लोहार हवा, लाकूड कातणारे हवेत, विणकरांनाही चांगलं काम मिळेल, असं एकेका धंद्याचं नाव घेऊन लिहिलं आहे. आणि शेवटी, ‘बायका, मुलं वगैरेंनाही’ इथे काम आहे, पगार चांगला आहे. पुरुष आपापल्या कसबानिशी आले, बायका मात्र ‘वगैरे’सकट एका ओळीत कोंबल्या गेल्या. खरं तर यंत्र चालवायला सगळ्यात जास्त माणसं लागणार होती ती याच ओळीतली.

गिरणीच्या आवारात उभं राहिलं की पहिलं जाणवतं ते तिचं बंदिस्तपण. रस्त्याच्या बाजूला उंच दगडी भिंत, खालच्या मजल्याला खिडक्या जवळजवळ नाहीतच. हे उगाच नाही. 1779 मध्ये लँकेशायरात चॉर्लीजवळची त्याची दुसरी गिरणी जमावाने जाळली होती. त्या रागामागे घराघरातल्या चरख्यांचा हिशेब होता. एका विणकराला पुरेल इतकं सूत द्यायला चार-सहा जणींना कातावं लागे. शेतमजुराच्या घरात बाईच्या आणि मुलींच्या कताईचे पैसे हा उत्पन्नाचा मोठा आधार होता. सूत गिरणीतून स्वस्तात येऊ लागलं आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हा आधार गावोगाव निखळला. इंग्लंडच्या कारखानदारीचा इतिहास सांगताना लोक यंत्रांची नावं घेतात. चरखा बंद पडला तेव्हा त्या बाईच्या चुलीचं काय झालं, हे क्वचितच कुणी सांगतं.

दुपारी गावातल्या नॉर्थ स्ट्रीटवर गेलो. आर्कराइटने 1770 च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या तीन मजली घरांची ही रांग अजून राहती आहे. तिसऱ्या मजल्याला लांबच लांब खिडकी होती. काही घरांत ती आता बुजवलेली दिसते. तिथे पुरुष हातमागावर बसायचे. बायको आणि मुलं पहाटे घंटेबरोबर गिरणीत जायची, सूत काढायची, ते सूत माळ्यावरच्या नवऱ्याच्या मागावर चढायचं. सायली खिडक्यांकडे बघत म्हणाली, “म्हणजे मावशी, घरात बसून काम करणारा बाप आणि बाहेर नोकरीला जाणारी आई.” अगदी तसंच. बाई घराबाहेर पडली ती काल-परवा, असं आपल्याकडेही बोललं जातं. इथे तर कारखान्याचा पहिला भोंगा वाजला तोच बाईसाठी.

गुरुवार, स्टायल

मँचेस्टरच्या विमानतळापासून अगदी जवळ, झाडीत दडलेलं हे गाव. बोलिन नदीच्या वळणावर 1784 मध्ये सॅम्युएल ग्रेगने क्वारी बँक गिरणी काढली. विटांची देखणी इमारत, आत भलंमोठं लोखंडी पाणचक्र. आज जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, शाळांच्या सहली असतात. यंत्रं चालू करून दाखवतात तेव्हा पोरं कान झाकतात आणि खिदळतात. त्यांच्याच वयाची मुलं इथे बारा-बारा तास असायची, हे त्यांच्या बाई त्यांना सांगत होत्या.

मला बघायचं होतं ते गिरणीपासून थोडं चढावर असलेलं 1790 चं ‘ॲप्रेंटिस हाउस’. अनाथालयांतून, गरीबखान्यांतून आणलेली मुलं इथे ठेवत. शिकाऊ म्हणून कागद करायचे, अठरा वर्षांचे होईपर्यंत बांधून घ्यायचं, बदल्यात जेवण, कपडे, छप्पर. रोख पैसे मिळायचे ते जादा वेळ काम केलं तरच, तेही किरकोळ. या मुलांत मुलगे कमी, मुली जास्त. मालकांना मुलीच बऱ्या वाटत. त्या तुटलेला धागा चटकन जोडतात, दंगा करत नाहीत, आणि मोठ्या झाल्या तरी मुलग्यांइतकी मजुरी मागत नाहीत.

मुलींची निजायची खोली मी बराच वेळ बघत राहिले. लाकडी पलंग ओळीने लावलेले, एकेका पलंगावर दोघी-दोघी. रात्री दाराला बाहेरून कडी. भिंतीवर खुंट्या. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की सकाळची लापशी इतकी घट्ट असायची की पोरं ती हातात घेऊन खायची. संध्याकाळी कामावरून आल्यावर थोडंफार शिक्षण असे, मुलींच्या वाट्याला त्यात शिवणकाम येई. मालकीणबाई हॅना ग्रेग स्वतः शिकलेल्या होत्या, मुलांकडे लक्ष द्यायच्या. डॉक्टर ठेवलेला होता. इतर गिरण्यांशी तुलना केली तर ग्रेग मंडळी बरी, असं इतिहासकार म्हणतात आणि ते खरंही आहे. पण बऱ्या मालकाच्या घरालासुद्धा बाहेरून कडी होती.

एस्थर प्राइसचं नाव इथेच भेटतं. लिव्हरपूलची मुलगी, शिकाऊ म्हणून आणलेली. 1836 मध्ये ती एका मैत्रिणीबरोबर पळून गेली. परत आल्यावर तिला खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या खोलीत एकटीला कोंडलं. तिच्याबद्दल जे काही उरलं आहे ते मालकाच्या कागदांत, शिस्त मोडल्याची नोंद म्हणून. मला मात्र ती या घरातली सगळ्यात शहाणी मुलगी वाटते. रोजचा रस्ता गिरणी ते घर आणि घर ते गिरणी असताना तिने तिसरा रस्ता धरून पाहिला.

खाली येताना एका दालनात ग्रेग घराण्याच्या वेस्ट इंडीजमधल्या मळ्याचा उल्लेख आहे. डॉमिनिका बेटावर त्यांचा उसाचा मळा होता आणि त्यावर गुलाम राबत. गिरणीत येणारा कापूस अमेरिकेतून येई तोही गुलामांनी वेचलेला, आणि वेचणाऱ्यांत बायका होत्याच. कापूस वेचणारी, सूत काढणारी, कापड शिवणारी, सगळ्या पायऱ्यांवर बाई. शेवटचा फायदा ज्या खोलीत मोजला जाई तिथे मात्र ती नव्हती.

शिकाऊ मुलं ठेवायची पद्धत इथे 1847 ला बंद झाली. कायद्याच्या अटी वाढल्या आणि मोठी माणसं कामावर घेणं परवडू लागलं, म्हणून.

शुक्रवार, मँचेस्टर

सकाळी अँकोट्समध्ये फिरलो. रोशडेल कालव्याच्या काठाने उभ्या असलेल्या मरे बंधूंच्या गिरण्या 1798 पासूनच्या, वाफेवर चालणाऱ्या. आता तिथे महागडे फ्लॅट आणि कॉफीची दुकानं आहेत. परळ-लोअर परळच्या माणसाला हे दृश्य नवं नाही. चिमणी राखून ठेवायची, खाली मॉल काढायचा.

1840 च्या दशकात तरुण एंगल्स, पुढे मार्क्सचा सहकारी झालेला, याच गल्ल्यांतून फिरला आणि 1845 मध्ये त्याने इंग्लंडच्या कामगारवर्गावरचं पुस्तक जर्मनीत छापलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, कामावर गेलेल्या आईचं तान्हं मूल. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाई यंत्रावर परत. मूल शेजारच्या म्हातारीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीकडे. ते रडू नये म्हणून ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचं गोड औषध पाजायचं. त्यात अफू असे. दुकानात कुणालाही मिळे.

हे वाचलं की मला डिलाइल रोडच्या चाळी आठवतात. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया बाळाला अफूची गोळी देत, तिला बाळागोळी म्हणत. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना कामगार बायकांची पाहणी करायला नेमलं, त्यांच्या अहवालात या गोळीबद्दल लिहिलेलं आहे. ऐंशी वर्षांचं अंतर, समुद्रापारचा देश, आणि आईपुढचा पेच अगदी तोच. तिला निर्दय म्हणणाऱ्या सुखवस्तू लोकांना मँचेस्टरलाही तोटा नव्हता आणि मुंबईलाही. 1928 मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक मुंबई कायदेमंडळात आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, मालकालाही ही जबाबदारी पूर्णपणे टाळता येणार नाही असं सांगितलं. कायदा 1929 ला झाला. इंग्लंडात कारखान्याचे कायदे 1802 पासून होत होते. 1844 मध्ये मोठ्या बायकांच्या कामाचे तास बारावर आणले, 1847 मध्ये दहावर. पण बाळंतिणीच्या पोटापाण्याचा विचार त्यात नव्हता. तास कमी झाले ही मोठी गोष्ट होती. घरी गेल्यावर सुरू होणाऱ्या पाळीचे तास मात्र कोणत्याच कायद्यात बसत नव्हते.

दुपारी पीटर्लूच्या हत्याकांडाच्या स्मारकापाशी गेलो. गोल दगडी पायऱ्या, त्यांवर मेलेल्यांची नावं कोरलेली. 16 ऑगस्ट 1819 रोजी सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार माणसं मतदानाचा हक्क मागायला जमली होती. त्यांत गावोगावच्या बायकांच्या सुधारणा मंडळांचे जथे होते, पुष्कळजणी पांढऱ्या कपड्यांत, आपले झेंडे घेऊन. मँचेस्टरच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष मेरी फिल्ड्स व्यासपीठावर होत्या. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. शंभरांत दहा-बारा बायका असतील, पण जखमींमधलं त्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त होतं. मेरी हेज या सहा मुलांच्या आईला दिवस गेलेले होते. ती घोड्यांच्या टापांखाली तुडवली गेली आणि काही महिन्यांनी गेली. मार्था पार्टिंग्टन तळघरात फेकली जाऊन मेली. मार्गारेट डाउन्स, सारा जोन्स ही आणखी दोन नावं. मी चारही नावं शोधून वाचली, सायलीने त्यांच्यावरून हात फिरवला.

तिला मी लोखंड्यांची गोष्ट सांगितली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणीकामगारांची प्रचंड सभा घेतली, रविवारच्या सुटीसाठी. त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या होत्या. रविवारची सुटी त्याच वर्षी जूनमध्ये मिळाली. आज आपण रविवारी आरामात उठतो त्यात त्या दोघींचाही वाटा आहे.

शनिवार, हेल्मशोर आणि बर्नली

आजचा दिवस मोठा. मँचेस्टरहून उत्तरेला जाणाऱ्या बसने टेकड्या लागतात, मग एकेका खोऱ्यात एकेक गिरणीगाव. आधी हेल्मशोर. इथे कापडगिरणीचं संग्रहालय आहे आणि सूतकताईच्या खात्यात ‘म्यूल’ चालवून दाखवतात. लांबलचक गाडा, त्यावर शेकडो चात्या. गाडा चार-पाच फूट पुढे येतो, धागा ताणतो, पिळतो, मग मागे जाताना गुंडाळतो. अनवाणी पोरगं त्या गाड्याबरोबर पुढे-मागे धावायचं, तुटलेले धागे जोडायचं, आणि गाडा बाहेर असताना खालून सरपटत जाऊन कापसाचा कचरा काढायचं.

या खात्यात मला जे समजलं तेच या सगळ्या प्रवासाचं मर्म वाटलं. चरख्यावर सूत काढणं हे युगानुयुगं बायकांचं काम, आणि म्हणून फुटकळ. 1760 च्या दशकात हारग्रीव्ह्जची जेनी, म्हणजे एका वेळी बरेच धागे कातणारं हातयंत्र आलं, तेही घरात बायकाच चालवत. 1779 मध्ये बोल्टनच्या क्रॉम्प्टनने म्यूल काढला. तो जड होता, ताकद लागायची, पुरुष त्यावर आले. आणि पुरुष आल्याबरोबर तेच काम कसबाचं झालं, मजुरी चढली. पुढे 1830 च्या सुमाराला रॉबर्ट्सने आपोआप चालणारा म्यूल बनवला. आता ताकद लागत नव्हती. बायकांना घेऊन पुरुषांची मजुरी पाडता येईल, असा मालकांचा होरा होता. झालं उलटंच. जागा पुरुषांकडेच राहिली. 1829 मध्ये सूतकामगारांच्या संघटना आइल ऑफ मॅनला जमल्या आणि ठरलं की हे काम शिकवायचं ते आपल्या मुलाला, भावाला, पोरक्या पुतण्याला. बायकांनी हवं तर आपली वेगळी संघटना काढावी. मालकाशी झुंजणाऱ्या त्या पुरुषांबद्दल मला आदर आहे. पण बरोबरच्या बाईला दाराबाहेर ठेवून त्यांनी मालकाच्या हातात स्वस्त मजुरीचं हत्यार तसंच राहू दिलं, हेही म्हटलंच पाहिजे.

मागाच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. हातमाग पुरुषाचा, कसबाचा. 1820 च्या आसपास ब्रिटनमध्ये दोन लाखांवर हातमागवाले होते. यंत्रमाग 1820 मध्ये चौदा हजार, 1833 मध्ये एक लाख, 1850 मध्ये अडीच लाख. आणि या यंत्रमागांवर आल्या त्या बहुतेक तरुण मुली. जे काम बाईकडून पुरुषाकडे गेलं ते महाग झालं, जे पुरुषाकडून बाईकडे आलं ते स्वस्त झालं. कामाची किंमत यंत्राने ठरवली नाही, पुढे कोण उभं आहे त्यावरून ठरली.

तिथून बर्नलीला क्वीन स्ट्रीट मिल. ही गिरणी 1894 ची, म्हणजे सुरुवातीच्या काळातली नव्हे. पण वाफेवर चालणारी विणाईची शेड एवढी शाबूत दुसरीकडे नाही. सुमारे तीनशे माग एका छपराखाली, वरती पट्ट्यांचं जाळं. मोजकेच माग चालू केले तरी जमीन थरथरली आणि छातीत धडधड झाली. तीनशेही चालू असतील तेव्हा काय होत असेल! म्हणून इथल्या विणकर बाया ओठांची भाषा बोलत. तोंड मोठं करून, प्रत्येक अक्षर ओठांवर कोरून. तिला त्या ‘मी-मॉइंग’ म्हणत. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या मैत्रिणीशी संसाराच्या गोष्टी करू शके, आणि मुकादमाला पत्ता लागत नसे. पुष्कळजणींना म्हातारपणी ऐकू येत नसे, ही भाषा तेवढी कामी येई.

तिथल्या बाईंनी माझ्या हातात एक धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारा तुकडा दिला. वीतभराहून मोठा, गुळगुळीत लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोपण, पोटात कांडीसाठी खोबण आणि बाजूला बारीक भोक. कांडी संपली की नवी घालायची, भोकाला तोंड लावायचं आणि जोरात श्वास ओढून धागा बाहेर काढायचा. याला ‘धोट्याचा मुका’ म्हणत. दिवसात शेकडो वेळा. तोंडात तेल, रंग, कापसाची कुसं जायची, आणि आधी ज्या बाईने तोच धोटा ओढला तिची थुंकीही. दात किडत, क्षय पसरे. धागा हाताने ओवता येईल असा धोटा बनवणं काही अवघड नव्हतं, तसे धोटे निघालेही. पण जुना धोटा चालतोय तोवर मालक कशाला बदलतो! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मुका चालू होता.

एका बाबतीत मात्र या शेडचं मला कौतुक वाटलं. लँकेशायरच्या विणाईत बाईला आणि पुरुषाला विणलेल्या ताग्यामागे मजुरी एकच होती. चार माग सांभाळणारी बाई चार माग सांभाळणाऱ्या पुरुषाइतकंच कमावे, लग्नानंतरही कामावर राही, संघटनेची वर्गणी भरी. माग दुरुस्त करणारा मेस्त्री तेवढा नेहमी पुरुषच. आणि आमच्याकडे? मुंबईत साचेखातं, म्हणजे मागांचं खातं पुरुषांचं. बायका रिळिंगला (सुताच्या लडी करायला) आणि वाइंडिंगला, वर देखरेखीला एखादी नायकीण. 1920 च्या दशकात गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, नंतर हे प्रमाण उतरतच गेलं. साचा बाईच्या आवाक्यातला नाही, असं आजीला कायम सांगण्यात आलं होतं आणि तिने ते मानलंही होतं. बर्नलीत त्याच जातीचे चार-चार साचे बायका चालवत होत्या! आजी असती तर तिला इथे आणून उभी केली असती.

अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 65 या काळात कापूस बंद झाला आणि ही सगळी खोरी उपाशी पडली. बेकार मुलींसाठी मदत समित्यांनी शिवणाच्या शाळा काढल्या, तिथे बसून शिवलं तर थोडे पैसे मिळत. त्या काळात मुंबई बंदरातून हिंदुस्थानी कापूस आला. त्याला इथे सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्यातल्या अमरावतीकडच्या मालाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ असं नाव पडलं होतं. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. बर्नलीची बाई तो वऱ्हाडी कापूस विणताना वैतागायची, कारण धागा तुटला की माग थांबतो आणि मजुरी बुडते. तो वऱ्हाडात शेतात वाकून वेचणारीही बाईच. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता.

निघताना पाटीवर वाचलं, ही गिरणी मार्च 1982 मध्ये बंद झाली. मुंबईचा संप त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला होता.

रविवार, सिल्कस्टोन

हडर्सफील्डला गाडी बदलून सिल्कस्टोन कॉमनला उतरलो. यॉर्कशायरमधलं बार्नस्लीजवळचं खेडं. तिथून मैलभर चालत उतारावर जुनं चर्च. गिरणीत बाई दिसते तरी, खाणीतली बाई लोकांच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून इथे यायचंच होतं.

4 जुलै 1838. दुपारी गारांसह मोठं वादळ झालं आणि हस्कर खाणीचं माणसं वर काढायचं इंजिन बंद पडलं. खाली अडकलेल्या मुलांतली काही टेकडीच्या कुशीतल्या तिरप्या वाटेने बाहेर यायला निघाली. त्या वाटेवर हवा खेळवण्यासाठी एक दार होतं. वरच्या ओढ्याला लोंढा आला, पाणी वाटेत घुसलं आणि मुलं त्या दारावर दाबली गेली. सव्वीस मुलं मेली, पंधरा मुलगे आणि अकरा मुली.

चर्चच्या आवारात त्यांचं 1841 मध्ये उभारलेलं स्मारक आहे. दगडावर वयासकट नावं. सारा न्यूटन, 8 वर्षं. कॅथरिन गार्नेट, 8. सारा ज्यूक्स, 8. ॲन मॉस, 9. मेरी सेलर्स, 10. सगळ्यात मोठी हॅना टेलर, 17. एलिझाबेथ क्लार्कसन 11 वर्षांची. तिच्या नावापुढे कोरलं आहे की ती आपला भाऊ जेम्स याच्या पायाशी निजली आहे. आणि मजकूर? परमेश्वराने मेघगर्जना, वीज, गारा आणि पाऊस पाठवला आणि या सव्वीस जणांना एकाएकी आपल्यापुढे बोलावून घेतलं, असा. खाणीच्या मालकाचं नाव दगडावर आहे, पण ते फक्त खाण कुणाची होती ते सांगण्यापुरतं. आठ वर्षांच्या मुलीला जमिनीखाली कुणी पाठवलं, याचं उत्तर देवाच्या माथी मारून सगळे मोकळे झाले. हा दगड वाचताना मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

पुढे 1840 मध्ये चौकशी आयोग बसला, 1842 मध्ये अहवाल आला. त्यातल्या साक्षी मी बरोबर आणल्या होत्या. आवारातल्या बाकावर बसून सायलीला वाचून दाखवल्या. इथून जवळच गॉबर खाण होती. तिथली आठ वर्षांची सारा गूडर गाड्यांसाठी दार उघडायची आणि लावायची. पहाटे चारला, कधी साडेतीनला खाली जायची आणि संध्याकाळी पाचला वर यायची. ती सांगते, उजेड असला की मी कधीकधी गाणं म्हणते, पण अंधारात नाही, अंधारात गायची हिंमत होत नाही. हॅलिफॅक्सची पेशन्स केरशॉ, 17 वर्षांची, कोळशाच्या गाड्या डोक्याने ढकलून तिच्या टाळूवर टक्कल पडलं होतं. आणि बोल्टनजवळची बेटी हॅरिस, 37 वर्षांची. कमरेला पट्टा, पायांमधून साखळी, हातापायांवर रांगत गाडी ओढायची. पोटुशी असताना पट्ट्याचा त्रास जास्त होतो, असं ती म्हणते. आपल्या ओळखीची एक बाई घरी गेली, आंघोळ केली, बाळंत झाली आणि आठवड्याच्या आत पुन्हा कामावर आली, हेही सांगते. आणि आपण वेळेवर तयार नसलो म्हणून नवऱ्याने कितीदा तरी मारलं, तेही. ते दोघं एकाच खाणीत, तो कोळसा फोडणार आणि ती ओढणार.

अहवालात चित्रं होती, ती वर्तमानपत्रांत गेली आणि इंग्लंड हादरलं. पण बड्या लोकांना सगळ्यात जास्त कशाचा धक्का बसला? बाया कमरेवर उघड्या, पुरुषांच्या सोबतीने काम करतात, याचा. साखळीपेक्षा अंगावरचे कपडे मोठे ठरले. त्याच वर्षी कायदा होऊन बाया-मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली जायला बंदी झाली. तो व्हायलाच हवा होता, यात मला शंका नाही. तरी जिच्या घरात ओढून आणलेल्या कोळशावरच चूल पेटत होती, त्या विधवेला दुसरं काम कुणी दिलं नाही. देखरेखीला एकच इन्स्पेक्टर नेमला होता, त्यामुळे काहीजणी पुरुषी कपडे चढवून कायद्यानंतरही खाली जात राहिल्या.

बाकीच्या वर, खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडायला लागल्या. लँकेशायरातल्या विगनच्या या बाया पुढे प्रसिद्ध झाल्या. विजार, त्यावर गुंडाळलेला घागरा, डोक्याला फडकं, पायात लाकडी तळाचे बूट. 1880 च्या दशकात तेही काम बायकांना शोभत नाही म्हणून बंद करायचं घाटत होतं. तेव्हा 1887 मध्ये त्यांचं शिष्टमंडळ थेट लंडनला गृहमंत्र्यांकडे गेलं, कामाच्याच कपड्यांत. आमचं काम आम्हाला हवं, असं सांगून आल्या, आणि बंदी टळली.

“त्यांना कुणी विचारलं नव्हतं ना आधी?” सायलीने विचारलं. नव्हतं. 1840 च्या आयोगाने निदान साक्षी घेतल्या, त्या आज आपल्याला वाचता तरी येतात. तिची रजा उद्या संपते. मी एकटीच विगनला जाणार आहे, सकाळची गाडी शोधून ठेवली आहे.